डब्यातली व्हंकल

१७ नोव्हेंबर, रविवार

आज पहाटे समुद्रावर गेलो. एरवी पाहुणे आले की त्यांना दाखवायला नेतो, तेवढाच माझा समुद्राशी संबंध. आम्ही आतल्या सर्वण गावची माणसं. आमच्याकडे पाणी म्हणजे शेताचा पाट आणि देवळाची तळी. पेडण्यात सत्तावीस वर्षं बारावीला प्राणिशास्त्र शिकवलं, पण ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर, खडपावर, कधी पाय ठेवला नाही.

आज का गेलो ते लिहायला लाज वाटते, पण वही माझी आहे. गुरुवारी वर्गात मृदुकाय प्राणी चालले होते. मी फळ्यावर समुद्री गोगलगाय काढली, शंख नसलेली, रंगीत खडूंनी, दरवर्षी काढतो तशीच. पहिल्या बाकावरची तनया म्हणाली, "सर, ही आपल्याकडे मिळते? तुम्ही बघितलीय?"

"बघितलीय ना."

"खय, सर?"

"हरमलच्या बाजूला." एवढं बोलून पुढचा मुद्दा घेतला. उभ्या आयुष्यात मी ती बघितलेली नाही. काचेच्या बरणीत, फॉर्मालिनमध्ये पांढरी पडलेली एक आमच्या प्रयोगशाळेत आहे, तीही मी यायच्या आधीची. तीन रात्री तेच डोक्यात होतं. चौपन्न वर्षांचा माणूस सोळा-सतरा वर्षांच्या पोरीशी खोटं बोलतो, तेही गोगलगायीवरून!

तर गेलो. चपला घालून खडपावर गेलेला मी एकटाच. दोनदा घसरलो. पाच-सहा बायका कालवं काढत होत्या. त्यातली एक साठीची, काष्टा मारलेली, हातात लोखंडी कोयती. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"काय सोदतात? बटाटे नाय हय."

मी मोबाईलवर चित्र दाखवलं. तिने डोळे बारीक केले आणि हसली. "ही? ही तर व्हंकल!"

व्हंकल म्हणजे नवरी. तिने मला खडपाच्या पार टोकाला नेलं, कमरेएवढ्या पाण्यातून. तिथे एका कपारीखाली वाकून म्हणाली, "बघात. पण हात लावू नकात."

बोटभर लांब. अंग निळसर करडं, त्यावर हळदीचे ठिपके, मधेमधे गडद निळे. डोक्यावर दोन लाल शिंगं आणि पाठीवर लाल कल्ल्यांचा तुरा. पाण्याबरोबर तुरा हलत होता. माझी सावली पडली तसा तिने तो आत ओढून घेतला. सत्तावीस वर्षं शिकवत आलोय की हे कल्ले आत घेता येतात. आज ते घेताना पाहिले आणि मला रडू आलं. बाईंना वाटलं, डोळ्यात खारं पाणी गेलं.

त्यांचं नाव कमलाक्षी.

१ डिसेंबर, रविवार

पुन्हा गेलो. चपला घरी ठेवल्या.

कमलाक्षीबाईंना गोगलगायीबद्दल पुष्कळ माहीत आहे, मात्र आपल्याला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. व्हंकल त्या कपारीतच असते, कारण तिथे "काळो कापूस" आहे. काळा कापूस म्हणजे स्पंज. बोटाने दाबला तर मऊ, काळपट करडा. व्हंकल तोच खाते, दुसरं काही नाही. मी त्यांना सांगितलं की स्पंजातलं विष ती आपल्या कातडीत साठवते, म्हणून मासे तिला तोंड लावत नाहीत आणि रंग म्हणजे 'मला खाऊ नका' अशी पाटी. ती नर आणि मादी दोन्ही असते. अंड्यांची फीत गुंडाळून दगडाला चिकटवते. पिल्लाला जन्मतः शंख असतो, तो ते टाकून देतं. सगळं आयुष्य वर्षाच्या आत.

"शंख टाकून दिता? मगे रवता खय?"

"उघड्यावर."

"धीर आसा तेका," त्या म्हणाल्या आणि कालवं काढायला लागल्या. त्यांची सून गौरवी पण होती. दोघींचं घर या खडपावर चालतं. मुलगा सर्वेश बोटीवर असतो, कधी येतो कधी नाही.

एक गोष्ट पाहिली. दगड उलटला की त्या तो पुन्हा पहिल्यासारखा ठेवतात. सगळ्याच बायका. कुणी सांगत नाही, कुणी तपासत नाही. मी मघाशी चार दगड उलटे टाकून आलो होतो. गौरवी माझ्यामागून येऊन ते सरळ करत होती, हे मला परतताना दिसलं.

तनयाला फोटो दाखवला. आता मी खरं बोललेला माणूस झालो.

१५ डिसेंबर, रविवार

फोटो इंटरनेटवर टाकला त्याचा परिणाम. म्हापशाहून सेजल नावाच्या मुलीचा फोन. ती 'दर्याफेरी' काढते. शहरातल्या लोकांना ओहोटीला आणून खडपावरचे जीव दाखवायचे. "सर, तुमच्यासारखा जाणकार आम्हाला हवाच होता." जाणकार! मी हो म्हणालो. प्रभावती म्हणाली, "तुमी? तुमका बावडेचें पाणी भियेवता." विहिरीच्या पाण्याला भितो म्हणे मी! बायकोला नवऱ्याची प्रगती बघवत नाही.

आज पहिली फेरी. बावीस माणसं, पैकी चौघांकडे मोठे कॅमेरे. खेकडे दाखवले, समुद्रफूल दाखवलं, पण सगळ्यांना हवी होती फोटोतली. ती टोकाच्या कपारीत. कमरेएवढ्या पाण्यातून बावीस माणसं कशी नेणार? "आज नाही दिसत, निसर्ग आहे," असं म्हणालो. एका गृहस्थाने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "फोटो इथलाच आहे ना नक्की?"

कानशिलं तापली. अजून तापलेली आहेत.

२९ डिसेंबर, रविवार

आज सगळ्यांनी व्हंकल पाहिली. टाळ्या वाजवल्या.

कसं ते लिहितो. फेरी सातची होती, मी सहालाच गेलो. जेवणाचा स्टीलचा डबा बरोबर. कपारीतून दोन उचलल्या, डब्यात समुद्राचं पाणी घालून, आणि अलीकडच्या उथळ डबक्यात सोडल्या, हिरव्या शेवाळावर, जिथे प्रकाश चांगला पडतो. मग लोक आल्यावर शोधल्यासारखं केलं. "थांबा! हलू नका कुणी!"

यात वाईट काय? प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मी टेबलावर नमुने मांडतो आणि दुसऱ्या दिवशी मुलं ते ओळखतात. त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही, पूर्वतयारी म्हणतात. सत्तावीस वर्षं तेच करत आलो. शिवाय बावीस माणसांच्या पायांखाली ती कपार आली असती तर? एका अर्थी मी तिचं रक्षणच केलं.

परत नेऊन ठेवायच्या होत्या. पण फोटो, गप्पा, चहा, तोवर भरती लागली.

कमलाक्षीबाई भेटल्या. "सर, आज जेवणाचो डबो हाडलो? सकाळी सकाळी?" मी म्हणालो, हो, उंडे पाव आणि भाजी. हसल्या. जेवणाची थट्टा करण्याइतकी ओळख झाली आता.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शाळेला सुट्टी म्हणून फेरी. या खेपेला तीन मांडल्या. डबक्यातल्या आधीच्या दोन दिसल्या नाहीत. पोहत गेल्या असतील, असं मनाला सांगितलं. या जातीच्या पोहत नाहीत. हे मी वर्गात शिकवतो.

सेजलने माझं नाव फलकावर घातलं आहे. लोक मला दर्यासर म्हणायला लागले. बारावीच्या मुलांनीही उचललं. हे ऐकायला गोड वाटतं, हेही लिहून ठेवतो.

कमलाक्षीबाईंनी कालवांचं सुकं दिलं, ताटलीवर केळीचं पान. मग म्हणाल्या, "सर, तुमी शिकिल्ले मनीस. एक सांगात. व्हंकलेक काळो कापूस मेळूक ना जाल्यार ती किती दीस काडता?"

मी उपासमार, चयापचय, साठवलेलं अन्न यावर दहा मिनिटं बोललो. "म्हणजे मरता," त्या म्हणाल्या.

जिज्ञासू बाई. शिकल्या असत्या तर पुढे गेल्या असत्या.

३० जानेवारी, गुरुवार

आज अर्धी रजा टाकून फेरी. या खेपेला सहा. त्यात एक जोडी होती.

हे लिहायचं नव्हतं. कपारीत दोन एकमेकींना चिकटून होत्या, उजव्या कुशीला उजवी कूस, तोंडं विरुद्ध दिशांना. दोघीही नर, दोघीही मादी. पुस्तकातली आकृती जशीच्या तशी. जगात थोड्या लोकांनी हे पाहिलं असेल. घड्याळात पावणेसात. बाकीच्या चार डब्यात होत्या, पण सेजलने पुण्याचा कुणी मोठा छायाचित्रकार आणला होता.

मी नखाने त्यांना सोडवलं. लवकर सुटेनात.

छायाचित्रकाराने माझा हात हातात घेऊन दाबला. मी दिवसभर तो हात धूत राहिलो, वास काही येत नव्हता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कपार रिकामी. स्पंज आहे, त्यावर एकही नाही. अंड्यांची फीत नाही. पाणी गळ्यापर्यंत येईतो शोधत होतो. अलीकडच्या डबक्यात शेवाळाखाली एक मिळाली, आकसून अंगठ्याच्या पेराएवढी झालेली, रंग धुतलेल्या कपड्यासारखा. बोट लावलं, तुरा आत गेला नाही.

लोक आले. काहीच दाखवता आलं नाही. सेजलने सगळ्यांसमोर विचारलं, "सर, काय झालं असेल? मागच्या वेळी एवढ्या होत्या."

पलीकडे बायका कालवं काढत होत्या. कोयतीचा आवाज येत होता, टक टक. मी त्या बाजूला पाहिलं आणि म्हणालो, "मानवी हस्तक्षेप."

एवढंच म्हणालो. बोट दाखवलं नाही. पण सगळ्यांनी त्या बाजूला पाहिलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

माझा लेख काल पेपरात आला. सेजलच्या ओळखीने. 'हरवलेली नवरी'. त्यात एक वाक्य आहे: 'कालवे काढण्यासाठी लोखंडी हत्यारांनी खडक खरवडल्यामुळे या नाजूक जीवाचे अन्न असलेला स्पंज नष्ट होत आहे.' व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य. कमलाक्षीबाई कालवं काढतात ती अलीकडच्या उघड्या खडपावर, स्पंज टोकाच्या कपारीत. तिथे कोयती जातच नाही. मला ठाऊक आहे.

मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये लेख वाचून दाखवला. प्रभावतीने कापून फ्रिजवर लावला. रात्री पाणी प्यायला उठलो, काढून टाकला. सकाळी तिने पुन्हा लावला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दर्याफेरीच्या लोकांनी पंचायतीला निवेदन दिलं. ऑक्टोबर ते मे त्या खडपावर कालवं काढायला बंदी करा. सोबत पुरावा म्हणून माझा लेख. रविवारी ग्रामसभेत विषय.

ऑक्टोबर ते मे. पावसात समुद्र त्या खडपावर कुणाला उभं करून घेत नाही. म्हणजे बाराही महिने.

सेजलला फोन केला. म्हटलं, जरा घाई होतेय का? ती म्हणाली, "सर, तुम्हीच तर जागं केलंत आम्हाला. आम्ही त्या बायकांसाठी दुसरं काहीतरी बघू, शिलाई वगैरे." चांगली मुलगी आहे. तिने यात काहीच खोटं केलेलं नाही. मी म्हणालो, बरं.

फोन ठेवून न्हाणीघरात गेलो आणि दार लावून बसलो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटणं म्हणजे काय, ते आज कळलं. मारली नाही. तेवढाही दम नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

अमावास्या. कमलाक्षीबाईंना सांगायला म्हणून खडपावर गेलो. गौरवी एकटीच होती. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "सासूमाय येवची ना. पंचायतीन नको म्हटलें जाल्यार सवय करूक जाय, म्हणता ती."

बंदीची सवय आतापासूनच करत होती ती. मी परत आलो. सांगायचं होतं, पण सुनेला कसं सांगणार, असं कारण वाटेत सापडलं. मला कारणं फार पटकन सापडतात.

२ मार्च, रविवार

सभा संपली. आत्ता संध्याकाळ.

पंचायतीच्या सभागृहात दीडेकशे माणसं. दर्याफेरीचे दहाजण पहिल्या रांगेत, मी त्यांच्यात, माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवलेली. बायका मागे भिंतीला टेकून. सचिवांनी माझा लेख मोठ्याने वाचला. 'व्याकरणदृष्ट्या निर्दोष' वाक्य आलं तेव्हा मी बुटांकडे पाहत होतो.

सरपंचांनी मागे विचारलं, "कमलाक्षी, तुमका बायलांक कितें सांगपाचें आसा?"

ती उठली. पदर कमरेला खोचला. "आमका कित्या विचारतात? सरांक विचारात. तांका सगळी खबर आसा." आणि बसली.

एवढं होऊनसुद्धा त्या बाईचा माझ्यावर हा विश्वास! ज्याने तिच्या पोटावर पाय आणला त्याच्याच हातात तिने निकाल सोपवला. ती भांडली असती, शिव्या घातल्या असत्या तर मी कदाचित गप्प राहिलो असतो. विश्वासाने मला उठवलं.

मी म्हणालो, "लेख माझा आहे. तो खोटा आहे."

मग सगळं सांगितलं. डबा, कपार, डबकं. बायकांची कोयती तिथवर जातही नाही हे सांगितलं. फेरीला आलेल्या लोकांना निसर्ग म्हणून जे दाखवलं ते मी मांडलेलं होतं हे सांगितलं. मागे कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. "सर डब्यांतल्यान व्हंकल व्हरताले!" कुणीतरी ओरडलं. सरपंचांनी विचारलं, "किती मारल्यात, सर?"

मी म्हणालो, "पाच-सहा."

अकरा होत्या. दोन, तीन, सहा. हिशोब मला तोंडपाठ आहे. पण भर सभेत अकरा म्हणायला जीभ वळली नाही. पाच-सहा ऐकायला चूक वाटते, अकरा ऐकायला सवय वाटते.

बंदीचा विषय रद्द झाला. बायका उठल्या आणि गेल्या. सेजल दारात थांबली होती. डोळे लाल. "सर, मी लोकांना सांगायचे, आमच्या फेरीत काहीच खोटं नसतं." मी मान खाली घातली. ती गाडीत बसून गेली.

प्रभावतीला सगळं कुणीतरी फोनवर आधीच सांगितलं होतं. तिने फ्रिजवरचं कात्रण काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि आमटी वाढली.

संपादकांना पत्र लिहिलं. लेख मागे घेतो, कारणं अशी अशी. उद्या टाकीन. पाच-सहा तसंच ठेवलं. सभेत एक आणि पेपरात दुसरं, असं बरं दिसत नाही.

३ मार्च, सोमवार

पत्र खिशात घालून पोस्टात जायच्या आधी खडपावर गेलो. माफी मागायची होती, आणि खरं सांगायचं तर ती मिळणार याची खात्री होती. काल एवढ्या विश्वासाने बोलली होती ती.

सगळ्या बायका आल्या होत्या. टक टक चाललं होतं. मी कमलाक्षीबाईंसमोर उभा राहिलो, हात जोडले. "बाई, माझी चूक झाली. तुम्ही सभेत माझ्यावर विश्वास टाकलात..."

तिने कोयती थांबवली. "विश्वास?"

"सरांना विचारा म्हणालात ना."

"तुमी आमचेमुखार उबे रावन फट मारतात काय, तें पळोवचें आशिल्लें माका." फट म्हणजे खोटं. तिचा आवाज चढलेला नव्हता. "पयल्या दिसासून पळयतां मी तुमचो डबो. दोन व्हेल्यात तुमी, मागीर तीन. मागीर चार, आनी ती जोडी. मी थंयच आशिल्लें, त्या खडपाफाटल्यान. नखान सोडयतालात."

मी खाली बसलो, ओल्यातच.

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"कोणाक? तुमी सर. तुमी पेपरात बरयतात. आमी कालवां काडतांव. आमी सांगिल्ल्याक कोण मानतलो?" ती थांबली. मागच्या बायकांचे हात थांबले होते. "आनी काल तुमी पाच-सहा म्हणालात. अकरा, सर. अकरा."

खिशातून पाकीट काढलं, फाडलं, पत्र गुडघ्यावर धरून 'पाच-सहा' खोडलं आणि 'अकरा' लिहिलं. पेन ओलं झालं होतं, दोनदा गिरवावं लागलं. पत्र तिच्यापुढे धरलं.

तिने ते घेतलं नाही. "माका वाचूक येना," ती म्हणाली. "तुमी वाचात. व्हडल्यान. ह्यो सगळ्यो आयकूंदीत."

मी उभा राहिलो. गौरवीने टोपली खाली ठेवली, बाकीच्या दोन पावलं जवळ आल्या. 'माननीय संपादक' सोडून मी मधूनच वाचायला लागलो, तेव्हा कमलाक्षी म्हणाली, "पयलेसावन, सर."

मी पहिल्यापासून वाचलं.